छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याचे प्रयोग आणि धंद्याची पूर्वतयारी

छायाचित्रणाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो कॅमेऱ्याचा. कोणत्या कंपनीचा घ्यावा, किती हजारांचा घ्यावा, हप्त्याने मिळतो काय. भंडारा जिल्ह्यात हा पैसा कोठून येतो हे आम्हाला ठाऊक आहे. तो धानाच्या चुकाऱ्यातून येतो, आईच्या बचत गटातून येतो, नाहीतर वडिलांच्या सहीवर पतसंस्थेतून येतो. कॅमेरा घरात येतो, पहिल्या वर्षी नात्यातली दोन-चार लग्ने होतात, त्यांचे पैसे निम्मे हाती पडतात, निम्मे राहून जातात, आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा राहतो. पुढच्या वर्षी तोच कॅमेरा पडेल त्या किमतीला विकावा लागतो. समाजातील होतकरू मुलांच्या बाबतीत असे घडलेले आम्ही पाहिले आहे. म्हणूनच स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

आमचे म्हणणे असे की विद्यार्थ्याचे पहिले वर्ष प्रयोगांचे असावे. हे प्रयोग घरात जे साधन असेल त्यावर करावेत. हाती साधा मोबाइल असला तरी चालेल, मात्र त्यात शटर आणि आयएसओ हाताने बदलता आले पाहिजेत. बऱ्याच फोनमध्ये ही सोय ‘प्रो’ या नावाखाली असते. ज्याला पुढे या कलेवर पोट भरायचे आहे त्याची पुष्कळशी तयारी या प्रयोगांतच होऊन जाते.

प्रयोग म्हणजे काही तरी विचित्र टिपणे, अशी एक समजूत आहे. शाळेत विज्ञानाच्या तासाला जो अर्थ शिकवतात तोच येथेही घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, आणि काय झाले ते वहीत लिहायचे. रोलच्या काळात ३६ चित्रे म्हणजे ३६ चित्रेच असत. रोल धुऊन हाती येईपर्यंत आपण काय केले होते ते विसरून जाई, म्हणून जुने छायाचित्रकार खिशात डायरी बाळगत. आताचा कॅमेरा शटर, अपर्चर आणि आयएसओ आपोआप नोंदवतो, आणि त्यामुळे मुलांची वही सुटली आहे. परंतु खिडकी कोणत्या बाजूला होती, बाहेर ढग होते की ऊन, समोरचा माणूस भिंतीपासून किती हात दूर बसला होता, हे कॅमेऱ्याला कळत नाही. प्रकाशाची सगळी विद्या या न नोंदलेल्या भागात आहे. तेव्हा दोन रुपयांचा पेन आणि शंभर पानी वही हे पहिले साधन समजावे.

सुरुवात कशापासून करावी? भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नाव मिळवलेले गाव आहे, आणि जिल्ह्यातल्या घरात एखादा पितळी लोटा किंवा गुंड अजूनही निघतोच. तो चिंचेने लख्ख घासावा आणि खिडकीपाशी पाटावर ठेवावा. सकाळी ७ वाजता, १० वाजता, दुपारी १ वाजता, ४ वाजता आणि दिवेलागणीच्या आधी, असे त्याचे पाच फोटो एकाच जागेवरून घ्यावेत. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात येईल की पितळ हा आरसा आहे. लोट्याच्या पोटात खिडकी दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात आणि मधोमध फोटो काढणारा स्वतःही दिसतो. म्हणजे चकचकीत वस्तूचा फोटो हा मुळात तिच्या भोवतालचा फोटो असतो. लोट्यावर कितीही उजेड टाकला तरी काम होत नाही. लोट्याला जे दिसते आहे ते बदलावे लागते.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पांढरे धोतर ताणून बांधावे. तिसऱ्या दिवशी समोरच्या अंगाला थर्माकोलचा पत्रा उभा करावा. चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात. या पट्ट्यांचे प्रतिबिंब भांड्याच्या कडांवर पडते, कडा गडद होतात आणि भांडे फोटोत गोल दिसू लागते. मोठ्या शहरातल्या जाहिरातीच्या स्टुडिओत हजारो रुपयांच्या दिव्यांनी जे करतात त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. हे चार दिवस ज्याने मनापासून घालवले त्याला भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन बोलता येते. मोहाडी, आंधळगाव येथील टसरच्या कापडाचेही तसेच आहे. उजेडाची दिशा बदलली की टसरची झळाळी बदलते, आणि आजकाल गिऱ्हाईक कापड हातात न घेता पडद्यावर पाहून पसंत करते. अशा वेळी रंग आणि पोत खरा दाखवणारा फोटो विणकराच्या आणि दुकानदाराच्या कामाचा असतो. जिल्ह्यात लग्नाशिवाय काम नाही, ही तक्रार पूर्णपणे खरी नाही.

आता एका प्रयोगाविषयी जास्त लिहितो, कारण तो आपल्या माणसांच्या चेहऱ्यांचा आहे.

वैशाख पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा १४ एप्रिलला विहारापुढे जमलेल्या उपासक-उपासिकांचे फोटो पाहावेत. अंगावर शुभ्र वस्त्रे, वर कडक ऊन, आणि त्यात चेहरे काळवंडलेले, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. दोष माणसांच्या रंगाला दिला जातो. स्टुडिओवाला मग संगणकावर चेहरे गोरे करून देतो, आणि ते फोटो आपण भिंतीवर लावतो. खरे कारण साधे आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. छायाचित्रणात ज्याला अठरा टक्के करडा म्हणतात तो हाच. समोर पांढरे लुगडे जास्त आले की मीटरला वाटते उजेड फार झाला, आणि तो चित्र गडद करतो. त्यात सावळा चेहरा आणखी बुडतो.

याची खात्री करून घेण्यासाठी दोन फोटो पुरेत. एकदा फक्त पांढरे धोतर चौकटभर घ्यावे, एकदा फक्त काळी छत्री. कॅमेऱ्याला त्याच्या मर्जीवर सोडले तर दोन्ही वस्तू जवळजवळ सारख्याच करड्या येतात. मग धोतरासाठी एक ते दीड स्टॉप वाढवून आणि छत्रीसाठी एक स्टॉप कमी करून पुन्हा घ्यावे. मोबाइल हल्ली एकदम तीन-चार चित्रे घेऊन ती आपोआप जुळवतो, त्यामुळे हा फरक त्यात पुसट दिसतो. म्हणून हा प्रयोग हाताने चालणाऱ्या कॅमेऱ्यावर केला तर उत्तम, मग तो एका दिवसापुरता मागून आणलेला का असेना.

हा दोष नुसत्या मीटरचा नाही, त्याला इतिहास आहे. रंगीत फिल्म छापताना प्रयोगशाळेत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे, आणि त्या कार्डाला ‘शर्ली कार्ड’ असेच नाव पडले होते. तो गोरा वर्ण बरोबर आला की छपाई बरोबर, असे जगभर धरले गेले. सावळ्या आणि काळ्या वर्णातल्या छटा नीट येत नाहीत ही तक्रार माणसांनी पुष्कळ केली असेल, पण कंपनीने तिकडे लक्ष दिले ते चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी आपल्या मालाचे तपकिरी रंग जमत नाहीत म्हटल्यावर. निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. आता फिल्मचा काळ मागे पडला, पण फोनमधले ‘ब्यूटी’चे बटण तेच काम करते. आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की ते बटण बंद ठेवूनच शिकावे.

उपाय काय? उजेड चेहऱ्यावरून मोजावा, वस्त्रावरून मोजू नये. भर उन्हात चेहरा आणि शुभ्र वस्त्र दोन्ही एकाच वेळी नीट येत नाहीत, एक सांभाळले की दुसरे बिघडते. म्हणून माणसांना कडुनिंबाच्या सावलीत किंवा पडवीत घ्यावे, सकाळी ८ च्या आत किंवा ४ नंतर घ्यावे, आणि जमिनीवर पांढरी चादर अंथरून तिचा उजेड खालून चेहऱ्यावर परतवावा. सावळ्या कातडीवरचे तेज हे त्या चेहऱ्याचे वैभव असते, आणि ते बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात उमटते. घरातल्या आजीपासून सुरुवात करावी. आजी बसायला तयार असते आणि तिच्या चेहऱ्यावर शिकण्यासारखे पुष्कळ असते. अशा वीस चेहऱ्यांचे, न उजळवलेले, न काळवंडलेले फोटो ज्याच्या हाती आहेत त्याला तालुक्याच्या ठिकाणी स्टुडिओवाला कामावर ठेवताना फार विचार करणार नाही.

कार्यक्रमाच्या समूहचित्राचेही एक शास्त्र आहे. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पहिली रांग पांढरीफटक आणि शेवटची रांग अंधारात असते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे दहावीच्या मुलाला समजावून सांगितले की पटते. दिव्यापासून पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल तर शेवटच्या रांगेला पहिलीच्या चौथाई उजेड मिळतो. तोच दिवा मागे नेऊन पहिली रांग ६ मीटरवर आणि शेवटची ८ मीटरवर केली तर शेवटच्या रांगेला निम्म्याहून थोडा अधिक मिळतो. रात्री घरात एक बल्ब आणि एका मित्राचा चेहरा घेऊन हे तासाभरात पडताळता येते.

शटरचे प्रयोग शेतावर करावेत. रोवणीच्या वेळी बांधीतल्या पाण्यात पडणारे पाय, चुरण्यानंतर वाऱ्यावर उफणलेले धान हे घ्यावे. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात दाणा हवेत थबकतो, तिसाव्या भागात त्याची सोनेरी धार होते. दोन्ही बरोबर आहेत, कोणते हवे ते आधी ठरवता आले पाहिजे. मात्र रोवणीच्या बाया कामावर असतात, त्या कोणाच्या फोटोसाठी वाकलेल्या नसतात. त्यांना विचारूनच कॅमेरा काढावा, आणि फोटो छापून आणून देईन म्हटले तर तो खरेच नेऊन द्यावा. या धंद्यात नाव टिकते ते अशानेच.

अंधारातल्या कामासाठी आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांसारखी शाळा नाही. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर प्रयोग होतात, रंगमंचावर रंगीत दिवे बदलत असतात आणि नट हलत असतो. मंडळीची परवानगी काढून, फ्लॅश न वापरता, आयएसओ वाढवत वाढवत चित्र कोठे खरखरीत होते ते पाहावे. विहारातल्या मेणबत्त्यांच्या उजेडात याच्या उलट करता येते. बुद्धमूर्ती हलत नाही, तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा विटांच्या चवडीवर पक्का ठेवून आयएसओ कमी करावा आणि शटर दोन, चार, आठ सेकंद उघडे ठेवावे. मेणबत्तीचा तांबूस रंग व्हाइट बॅलन्सने थोडा कमी करावा, पण पुरता घालवू नये, नाहीतर वंदनेच्या वेळेचा फोटो दवाखान्यातला वाटतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे बिनॉय बहल यांनी १९९१ च्या सुमारास अत्यंत मंद उजेडात, प्रखर दिवे न लावता टिपली आणि त्या भिंतींवरचे रंग जगाला नव्याने दिसले. त्या कामामागेही धीराने उघडे ठेवलेले शटरच होते.

अजिंठ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या नकला रंगवल्या होत्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत सापडल्या. एकाच इमारतीत ठेवलेली वस्तू गेली की सारेच जाते. आपल्या विद्यार्थ्यांचे लग्नाचे पूर्ण काम एकाच मेमरी कार्डावर असते आणि ते कार्ड एखाद्या दिवशी उघडत नाही. नवरदेवाच्या बापाला काय उत्तर देणार? प्रत्येक कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी, ही सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

दगडावरच्या अक्षरांचा प्रयोग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. तेथे जगन्नाथ टेकडीवर मोठ्या स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी अक्षरे कोरलेले दगड सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी कोणी तरी दान दिले आणि आपले नाव दगडावर ठेवले. अशी अक्षरे समोरून उजेड टाकला तर दिसेनाशी होतात. दिवा अगदी बाजूला, दगडाला घासून जाईल असा धरला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर वर येते. याचा सराव पवनीला जाऊन करायची गरज नाही. घरचा पाटा नुकताच टाकवून घेतला असेल तर त्याच्यावर टाकीचे घाव असतात. रात्री पाट्यावर समोरून बॅटरी धरून एक फोटो आणि बाजूने धरून एक फोटो घ्यावा, फरक डोळ्यांना दिसतो. पुरातत्त्व खाते, संग्रहालये, अभिलेखागारे यांना असे फोटो घेणारी माणसे लागतात. प्रत्यक्ष संरक्षित स्मारकावर ट्रायपॉड किंवा दिवे न्यायचे असतील तर आधी खात्याची लेखी परवानगी घ्यावी, पहारेकऱ्याशी वाद घालू नये.

याच कौशल्याला लागून जुन्या फोटोंच्या प्रती काढण्याचे काम येते. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उमेदवार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या जिल्ह्यातूनही माणसे नागपूरला दीक्षेला गेली. त्या पिढीच्या घरांत पेटीच्या तळाशी, आरशाच्या मागे, वाळवी लागलेल्या चौकटीत काय काय आहे याची कोणी मोजदाद केलेली नाही. दर पावसाळ्यात त्यातले काही जाते. विद्यार्थ्याने असा फोटो घरातून बाहेर न नेता तेथेच पडवीत त्याची प्रत काढावी. फोटो सपाट ठेवावा, कॅमेरा त्याला अगदी समांतर धरावा, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून सारखा उजेड यावा, म्हणजे चमक येत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट घ्यावा. मागची बाजूही घ्यावी, तिच्यावर स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. फोटोतल्या माणसांची नावे कोणी सांगितली ते वहीत लिहावे. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी, दुरुस्ती किंवा रंग भरणे दुसऱ्या प्रतीवर करावे. अशा कामाला लोक पैसे देतात, आणि समाजाचे जे काम व्हायचे ते त्यात होऊन जाते.

चित्र जपण्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसले आहे तेही मुलांना ठाऊक असावे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चलच्चित्रण झाले ते नामदेवराव व्हटकर यांनी स्वतःची मालमत्ता गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशावर. आज आपण तो जनसागर पडद्यावर पाहू शकतो तो त्यामुळे.

विद्यार्थिदशेतल्या प्रयोगांतून धंदा कसा उभा राहतो याची दोन उदाहरणे देतो. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईला जे. जे. मध्ये कला शिकत असताना त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे, शहरातल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले. सुरुवातीला त्यांची चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात, कारण बाईच्या नावाला छापखान्यात वजन नव्हते. पुढे त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. मुलींना या क्षेत्रात पाठवायला कचरणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. हळद, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी बायकांच्या घोळक्यात मुलगी कॅमेरा घेऊन सहज वावरते, तेव्हा कामाच्या दृष्टीनेही तिची बाजू उजवीच आहे.

दुसरे सुधारक ओलवे, आपल्याच विदर्भातले, अकोल्याचे. मुंबईत वृत्तपत्रासाठी काम करता करता त्यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे कृष्णधवल चित्रांत वर्षानुवर्षे टिपले. ती चित्रे देशाबाहेर पाहिली गेली, आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मार्गात शिकण्यासारखे हे की नोकरीचे काम आणि स्वतःचे काम त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एकाने घर चालले, दुसऱ्याने नाव झाले.

आता हिशेबाकडे वळू. प्रयोगांच्या वहीतून वर्षअखेरीस वीस चित्रे निवडावीत, त्याहून जास्त नको. भांडी, कापड, चेहरे, समूह, अंधारातले काम, जुन्या फोटोची प्रत असे सर्व त्यात असावे. ती कागदावर छापून घ्यावीत, कारण गिऱ्हाईक फोनवर अंगठ्याने भरभर सरकवते, कागद हातात घेतला की थांबते. मग एखाद्या चांगल्या स्टुडिओत एक लग्नसराई दुसऱ्याच्या हाताखाली काढावी. सामान उचलावे, बॅटऱ्या भराव्यात, सप्तपदी किंवा मंगलपरिणय चालू असताना मुख्य फोटोग्राफर कोठे उभा राहतो ते पाहावे. बौद्ध पद्धतीच्या विवाहात विधी थोडक्यात आटोपतो, त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञेचे क्षण पुन्हा येत नाहीत. बाहेरून बोलावलेल्या माणसाला ते नेमके कळत नाहीत, आपल्या मुलाला कळतात.

भाव कसा सांगावा, यावर बहुतेक मुले अडतात. उदाहरणादाखल आकडे धरू. समजा कॅमेरा, दोन लेन्स, दिवा आणि संगणक मिळून १,८०,००० रुपये लागले आणि ते तीन वर्षे चालले, तर वर्षाला ६०,००० झाले. दुरुस्ती, प्रवास, डिस्क यांना वर्षाचे ३०,००० धरले की ९०,००० होतात. वर्षाला ४५ दिवस काम मिळाले तर दिवसाला २,००० रुपये नुसत्या साधनांचे गेले. एका दिवसाच्या लग्नामागे निवड आणि दुरुस्तीचे दोन दिवस जातात, म्हणजे मजुरी तीन दिवसांची. दिवसाला ७०० धरले तरी २,१०० होतात. एकूण ४,१०० झाले, आणि यात कर्जाचे व्याज अजून धरलेले नाही. जो मुलगा ओळखीपोटी ३,००० सांगतो तो दर लग्नामागे खिशातले १,१०० रुपये घालतो. त्याला ते कळत नाही, कारण ३,००० रुपये रोख हातात दिसतात.

व्यवहार लेखी असावा. अर्धी रक्कम आगाऊ, किती चित्रे, किती दिवसांत, हे साध्या कागदावर दोघांच्या सहीने असले तरी पुरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. तेव्हा ते फोटो आपल्या नमुन्यांत किंवा जाहिरातीत वापरायचे असतील तर तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. नोकरी नसताना स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोवर हक्क काढणाऱ्याचाच असतो.

पुढे शिकायचे असेल तर वाटा आहेत. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात आणि मुंबईच्या सर जे. जे. मध्ये उपयोजित कलेच्या पदवीत छायाचित्रण येते. हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुशास्त्र व ललितकला विद्यापीठात छायाचित्रणाची स्वतंत्र पदवी आहे. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चलच्चित्रणाचा आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात छायाचित्रणाचा अभ्यासक्रम असतो. काही आयटीआयमध्ये फोटोग्राफरचा ट्रेड आहे, दहावीनंतरच्या मुलाला तो सोयीचा. १९९० च्या घटना आदेश दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या आहेत, त्यामुळे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची जागा त्या एका कागदापायी जाते. धंद्यासाठी कर्ज हवे असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आधी चौकशी करावी, खाजगी हप्त्याच्या दुकानाची पायरी नंतर चढावी.

राहिला कॅमेरा कधी घ्यावा हा प्रश्न. ज्या कामाला मोबाइल पुरत नाही त्या दिवसापुरता कॅमेरा नागपुरातून भाड्याने मिळतो. भाड्याचा खर्च वहीत वेगळा लिहावा. सहा महिने सलग तो खर्च कामाच्या पैशातून निघाला, आणि भाड्याची बेरीज महिन्याच्या हप्त्याइतकी होऊ लागली, की वडिलांनी सही करायला हरकत नाही. नवा घेण्यापेक्षा वापरलेला घ्यावा, आणि पैसे कॅमेऱ्यापेक्षा लेन्सवर अधिक घालावेत, कारण कॅमेरे तीन-चार वर्षांत जुने होतात, चांगली लेन्स त्याहून पुष्कळ जास्त चालते. घेताना पितळी लोटा सोबत न्यावा, दुकानाच्या दारातल्या उजेडात त्याचा एक फोटो काढून पाहावा.